पियाची फी कोण भरतं?

इरफान खानच्या सिनेमांचे जे तुकडे अजूनही फोनवर फिरत असतात, त्यांत 'हिंदी मीडियम'मधला एखादा हमखास असतो. चांदनी चौकातला कपड्यांचा दुकानदार राज बत्रा. इंग्रजी कानावर पडलं की गांगरणारा, बायकोच्या हट्टापुढे मान तुकवणारा, पण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत न पाठवणारा. साकेत चौधरी यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा मे २०१७ मध्ये आला, चालला, आणि त्यावर भरपूर लिहिलंही गेलं. इंग्रजीचा न्यूनगंड, नर्सरीच्या प्रवेशाची शर्यत, पैसेवाल्यांचा कोडगेपणा, सगळ्यावर.

मला मात्र या सिनेमातल्या पैशांबद्दल बोलायचं आहे. कारण हा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पैशांनीच भरलेला आहे. दुकानाचा गल्ला आहे, चांदनी चौक सोडून वसंत विहारमध्ये घेतलेलं घर आहे, मुलाखतीची तयारी करून घेणारी सल्लागार बाई आहे आणि तिची फी आहे. कोण किती कमावतं, कोण किती उडवतं, हे प्रत्येक प्रसंगात दिसतं. फक्त एक पैसा कुठेच दिसत नाही. तो म्हणजे सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. राज आणि मीताची मुलगी पिया गरिबांसाठी राखीव असलेल्या जागेवर दिल्लीतल्या बड्या शाळेत जाते. तिची फी कोण भरतं, हा प्रश्न अख्ख्या सिनेमात एकही पात्र विचारत नाही.

एवढ्या बारीकसारीक गोष्टीवरून सिनेमाला धारेवर का धरायचं? कारण माझ्या मते ही गोष्ट बारीक नाही. हा पैसा गोष्टीतून काढून टाकला की गोष्टीचा अर्थच बदलतो. आणि तो फक्त सिनेमातच बदलत नाही.

गोष्ट काय आहे

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. राज आणि मीताला मुलीला दिल्लीतल्या पहिल्या पाच शाळांपैकी एकीत घालायचं आहे. सगळे मार्ग थकतात. मग कळतं की शिक्षण हक्क कायद्यानुसार काही जागा गरिबांसाठी राखीव असतात आणि खोटे कागद करून त्या मिळवता येतात. कागद होतात. पण पडताळणीत पकडले जाऊ नये म्हणून या कुटुंबाला खरोखरच गरीब वस्तीत, भरत नगरमध्ये, जाऊन राहावं लागतं. तिथे शेजारी भेटतो श्यामप्रकाश. दीपक डोब्रियालने तो असा उभा केला आहे की सिनेमा संपल्यावर इरफानइतकाच तोही लक्षात राहतो. श्याम आणि त्याची बायको या 'नवगरीब' कुटुंबाला गरिबीत कसं राहायचं ते शिकवतात. लॉटरी निघते. पियाचा नंबर लागतो, श्यामच्या मोहनचा लागत नाही.

पुढे राजला टोचणी लागते. तो जवळच्या सरकारी शाळेला पैसे देतो, तिचं रूप पालटतं. खरं उघडकीला येतं, श्याम दुखावतो. शेवटी राज बड्या शाळेच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावर जाऊन सगळ्या पालकांसमोर मन मोकळं करतो आणि पियाला त्या शाळेतून काढून मोहनच्या सरकारी शाळेत घालतो.

आता यात पैसे कुठून कुठे गेले ते बघा. एका खासगी माणसाने सरकारी शाळेला पैसे दिले. सिनेमा हे ठळकपणे दाखवतो, संगीत लावून दाखवतो. पण त्याच काळात, त्याच कायद्यानुसार, सरकारने खासगी शाळेला पैसे देणं अपेक्षित असतं. ते पूर्णपणे पडद्याआड राहतं.

कायद्यातली ओळ

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम १२ मध्ये म्हटलं आहे की विनाअनुदानित खासगी शाळांनीही प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना मोफत शिकवायचं. खासगी शाळांनी याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र तीतून वगळलं. दोन वर्षांनी सगळ्याच अल्पसंख्याक शाळा वगळल्या गेल्या.

याच कलमाच्या पुढच्या भागात पैशांचा हिशेब आहे. सरकार स्वतःच्या शाळांत एका मुलामागे जेवढा खर्च करतं तेवढी रक्कम, किंवा त्या खासगी शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जे कमी असेल ते सरकारने शाळेला द्यायचं. सरकारी मराठीत याला 'प्रतिपूर्ती' म्हणतात. महाराष्ट्रात हा आकडा बरीच वर्षं एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये राहिला आहे. करोनाच्या काळात तो ८,००० वर आणला गेला होता.

त्यात आणखी एक अट आहे, आणि ती दिल्लीच्या संदर्भात फार बोलकी आहे. एखाद्या शाळेला सरकारकडून जमीन, इमारत किंवा सोयी फुकट वा सवलतीत मिळाल्या असतील आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याचं बंधन तिच्यावर आधीपासूनच असेल, तर तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती तिला मिळत नाही. दिल्लीतल्या कितीतरी नामांकित शाळा अशा सवलतीच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमीन घेताना गरीब मुलांना मोफत प्रवेश देण्याची अट मान्य करायची आणि नंतर ती विसरून जायची, हा प्रकार वर्षानुवर्षं चालला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये न्यायालयाने या शाळांना त्या अटीची आठवण करून दिली. म्हणजे शिक्षण हक्क कायदा यायच्या पाच वर्षं आधी.

तर सिनेमातली शाळा प्रतिपूर्ती घेणारी असो की सवलतीच्या जमिनीवरची, राखीव जागेची किंमत कुणीतरी आधीच मोजलेली असते. ती जागा शाळेची मेहेरबानी नसते. अमृता सिंगने साकारलेल्या मुख्याध्यापिका ज्या खुर्चीत बसून 'आपल्या शाळेत कोण शोभतं' ते ठरवतात, त्या खुर्चीखालच्या जमिनीतही लोकांचा वाटा असू शकतो. सिनेमाला हे माहीत असतं, तर त्या बाईंचा रुबाब पुरता उतरला असता. खलनायिका म्हणून त्या उरल्याच नसत्या. थकबाकीदार म्हणून दिसल्या असत्या, आणि विनोदी सिनेमाला ते जास्तच शोभलं असतं.

श्यामची उडी

सिनेमा या पैशाच्या अगदी जवळ एकदाच पोचतो. शाळा इतर उपक्रमांसाठी वेगळे पैसे मागते. राजकडे पैसे आहेत, पण गरीब असल्याचं नाटक चालू असल्यामुळे ते दाखवता येत नाहीत. तो चोरून एटीएममध्ये जातो, आणि श्यामला वाटतं की हा मशीन फोडायला निघालाय. आपल्या मित्राने चोर होऊ नये म्हणून श्याम एका गाडीसमोर उडी घेतो. जखमी होतो, गाडीवाल्याकडून भरपाई मिळते, ती तो राजच्या हातावर ठेवतो.

प्रसंग पाहताना घशात आवंढा येतो. तो येतोच, कारण डोब्रियाल तो फार साधेपणाने करतो. पण जरा थांबून विचार केला तर हा प्रसंग योजनेतल्या एका खऱ्या भगदाडावर बोट ठेवतो. राखीव जागेवरच्या मुलाची शिकवणी-फी कायद्याने सुटते, पण गणवेश, पुस्तकं, बस, सहल, स्नेहसंमेलनाचे कपडे यांवरून पालक आणि शाळा यांच्यात दर वर्षी ओढाताण होते. 'आमचं मूल लॉटरीतून लागलंय' असं सांगणाऱ्या कुठल्याही आईवडिलांना विचारा. मोफत शब्दाची हद्द कुठे संपते हे ते नेमकं सांगतील.

सिनेमा या भगदाडाचं काय करतो? ते एका गरीब माणसाच्या शरीराने बुजवतो. शाळेने हे पैसे मागावेत का, ही रक्कम सरकारने द्यायला हवी का, तक्रार कुठे करायची, यातलं काहीच विचारलं जात नाही. गरीब माणूस थोर असतो, एवढं कळतं आणि आपण डोळे पुसतो. व्यवस्थेचं देणं श्यामच्या नावावर टाकलं जातं, आणि श्याम ते हाडं मोडून घेऊन फेडतो.

माझी या सिनेमाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. 'हक' हा शब्द सिनेमात आहे. श्रीमंतांनी गरिबांचा हक्क लुबाडला, असं तो स्पष्ट म्हणतो, आणि ते म्हणायला धाडस लागतं. पण हक्क म्हटला की तो द्यायला बांधलेला कुणीतरी असावा लागतो. इथे तो नाहीच. त्यामुळे हक्काचं सगळं ओझं माणसांच्या चांगुलपणावर येऊन पडतं. श्याम चांगला, राज आधी वाईट मग चांगला, बाई वाईट. आणि चांगुलपणाची अडचण अशी की तो उद्या काढून घेता येतो.

आपल्याकडची ग्रँट

ही नजर फक्त एका हिंदी सिनेमाची असती तर फारसं बिघडलं नसतं. पण महाराष्ट्रात हा पैसा कितीतरी जुना आहे, आणि तरीही तो तितकाच अदृश्य आहे.

तुमच्यापैकी बरेच जण ज्या हायस्कुलात शिकला असाल ते बहुधा सरकारी नव्हतं. आपल्याकडे प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांनी उचलला, पण माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांनी चालवलं. कुणा शिक्षण मंडळाची, कुणा प्रसारक संस्थेची शाळा. कमानीवर संस्थापकांचं नाव, कार्यालयात त्यांची हार घातलेली तसबीर. आणि शिक्षकांचा पगार? तो सरकारी तिजोरीतून. शाळेत असताना आपल्याला हे कुणी सांगत नाही. पंधरा ऑगस्टच्या भाषणात संस्थेचे आभार मानले जातात, कर भरणाऱ्यांचे कुणी मानत नाही.

ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी मदत देण्याचं धोरण मांडलं. अठ्ठावीस वर्षांनी हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात याच पैशाबद्दलचा सर्वांत मूलभूत प्रश्न होता. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर होतो, हे कसं? प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. कुणाचा पैसा आणि कुणाच्या पोरांवर, हा प्रश्न १८८२ मध्येच अधिकृत कागदावर आला आहे.

अनुदानाने पुढे पुष्कळ भलं केलं हेही खरं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. लोकांचं धान्य, लोकांची जमीन, मुलांचे स्वतःचे कष्ट आणि त्याला सरकारी अनुदानाची जोड, यांतून खेड्यातली मुलं शिकली. पण अनुदानाला दोरीही असते. १९४८ मध्ये भाऊरावांची जाहीर भूमिका खटकली म्हणून मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. ते पुढे परत सुरू झालं, पण देणारा हात आखडताही घेता येतो, हे सगळ्यांना कळलं.

शब्दच बघा ना. 'अनुदान' यात 'दान' आहे. ज्याला आपण कर भरतो त्याच्याकडून आपल्याच मुलांसाठी आलेला पैसा, आणि त्याचं नाव दान. गावात मात्र कुणी अनुदान म्हणत नाही. 'शाळेला ग्रँट आहे का?' असं विचारतात. इंग्रजी शब्द असूनही तो जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात निदान पुण्याचा वास नाही.

आणि दानाचा हिशेब मागायची आपल्यात रीत नाही. अनुदानित शाळेत पगार सरकारचा, नेमणूक मात्र संस्थेची. या फटीत काय काय उगवलं ते महाराष्ट्राला सांगायला नको. शिक्षकाच्या नोकरीसाठी किती लाख 'द्यावे लागतात', हे आकडे लग्नाच्या बैठकीत उघडपणे बोलले जात आले आहेत. यावर उपाय म्हणून पवित्र पोर्टल आलं. पण २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं आणि नियमबाह्य, बनावट नेमणुकांवर सरकारी पगार निघत असल्याचे आरोप झाले, गुन्हे दाखल झाले. सिनेमातला राज खोट्या कागदांवर एक जागा लाटतो आणि त्याची झोप उडते. इथे खोट्या कागदांवर पगार निघाले. यावर मात्र अजून कुणी विनोदी सिनेमा काढलेला नाही.

टक्क्यांवरची माणसं

या गोष्टीतली सर्वांत करुण पात्रं वेगळीच आहेत, आणि त्यांना आपल्या कथा-सिनेमांनी जवळजवळ जागाच दिलेली नाही.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की यापुढे नव्या शाळांना परवानगी 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मिळेल. म्हणजे शाळा काढा, पण आमच्याकडे कधीच मागू नका. शाळा निघाल्या. डीएड, बीएड झालेली हजारो मुलंमुली त्यांत रुजू झाली, काही अगदी नाममात्र मानधनावर, काही त्याहूनही कमीवर. आशा एकच, की कधीतरी ग्रँट येईल. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द काढून टाकला गेला. एक विशेषण खोडलं आणि हजारो घरांत पेढे वाटले गेले, असं व्याकरणाच्या इतिहासात क्वचितच झालं असेल. मग मूल्यांकन, मग पात्र शाळांच्या याद्या, मग २०१६ मध्ये अनेक शाळांना २० टक्के. त्यापुढचा टप्पा, त्यापुढचा टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदान.

या शिक्षकांची स्वतःची एक भाषा तयार झाली आहे. 'सर किती टक्क्यांवर आहेत?' असं विचारलं जातं. 'मी वीसवर, मॅडम चाळीसवर.' माणूस पूर्ण, वर्ग पूर्ण, तास पूर्ण, पगार टक्क्यांत. बाजूच्या खोलीत तोच विषय शिकवणारा शंभर टक्केवाला असतो, दोघं एकाच डब्यातली भाजी खातात. एका शाळेत असं दोन प्रकारचं माणूसपण रोज शेजारी बसतं, यापेक्षा कादंबरीला आणखी काय हवं असतं?

'हिंदी मीडियम'मध्येही सरकारी शाळेचे शिक्षक आहेत, पण ते राजच्या देणगीनंतर उत्साहाने कामाला लागतात आणि तेवढ्यावर त्यांची भूमिका संपते. त्यांना पगार वेळेवर मिळतो का, वर्गात किती मुलं आहेत, किती पदं रिकामी आहेत, हे कळत नाही. रंगरंगोटी आणि चार सोयी झाल्या की शाळा सुधारते, असा सिनेमाचा समज आहे. शाळा सुधारते ती मुख्यतः शिक्षकाने, आणि शिक्षक टिकतो पगाराने. हा खर्च दर महिन्याला, वर्षानुवर्षं करावा लागतो. देणगीला तो झेपत नाही. राज बत्राचं दुकान कितीही चाललं तरी नाही.

शाळेऐवजी जागा

आता या सगळ्या तारखा एकापुढे एक ठेवल्या की एक चित्र दिसतं. २००१ मध्ये सरकारने नव्या शाळांना पैसे द्यायचं नाकारलं. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा आला आणि खासगी शाळेतल्या एकेका जागेसाठी पैसे द्यायचं बंधन आलं. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना रीतसर वाट करून दिली. पहिल्या पद्धतीत सरकार शाळेला पैसे देतं आणि बदल्यात बरंच काही मागतं: फी किती, शिक्षक कोण, आणि १९७७ च्या कायद्यापासून त्या शिक्षकाला काढायचं कसं, तेही. दुसऱ्या पद्धतीत सरकार फक्त एका मुलाची जागा विकत घेतं. बाकी शाळा कशी चालते, तिथल्या शिक्षिकेला हातात किती मिळतात, हे जवळजवळ तिच्यावर सोडून देतं.

मी २५ टक्क्यांच्या तरतुदीच्या विरोधात नाही. घरकाम करणाऱ्या बाईचं मूल आणि ती ज्यांच्याकडे काम करते त्यांचं मूल एका बाकावर बसावं, ही कल्पना आपल्या देशात साधी नाही. जातीने जी अंतरं पाडली ती सहजासहजी ओलांडली जात नाहीत, आणि कायद्याने ती ओलांडायला लावली तर ते चांगलंच आहे. लॉटरी लागल्यावर ज्या घरात आनंद होतो तो खरा असतो. प्रश्न त्या पैशाच्या अदृश्यतेचा आहे. प्रतिपूर्ती थकली म्हणून संस्थाचालक दर वर्षी ओरड करतात, प्रवेश न देण्याचे इशारे देतात. भांडण सरकार आणि शाळा यांचं असतं, आणि दारात उभं असतं ते मूल. वर्गात मग 'ती फुकटवाली मुलं' असा शब्द रुळतो. त्या मुलांमागे रक्कम ठरलेली आहे, ती देणारा ठरलेला आहे, ती थकली असेल तर तो दोष त्याचा आहे, हे त्या वर्गाला कुणी सांगत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तर मोठीच गंमत झाली. महाराष्ट्र सरकारने नियम बदलले. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांचं बंधन उरणार नव्हतं. शहरांत अशी शाळा जवळ नसलेली खासगी शाळा शोधावी लागली असती. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, जुलैमध्ये तो रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला दिलासा दिला नाही.

सरकारचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. आमची शाळा शेजारी असताना दुसऱ्याच्या शाळेला पैसे का द्यायचे? ते पैसे आपल्याच शाळेत घालू. आणि हे ऐकताना एकदम लक्षात येतं, की हा तर 'हिंदी मीडियम'चा शेवट आहे! बड्या शाळेतून काढा, सरकारी शाळेत घाला. सिनेमात आपण टाळ्या वाजवल्या. अधिसूचनेत तोच शेवट आला तेव्हा पालकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

फरक कुठे आहे? राज बत्राने सरकारी शाळा निवडली. त्याच्याकडे दुसरे पर्याय होते, पैसे होते, उद्या बेत बदलला तर परत जायची वाट होती. अधिसूचनेने फक्त गरिबांना सांगितलं की तुमच्यासाठी सरकारी शाळाच बरी. पैसेवाल्यांच्या मुलांना कुणीच काही सांगितलं नाही. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याने सोडणं याला त्याग म्हणतात. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून काढून घेणं याला दुसरा शब्द आहे. सिनेमा या दोन्हींतला फरक ओळखत नाही, म्हणून त्याचा शेवट इतका गोड लागतो.

मोहनचे पैसे

कुणी म्हणेल, विनोदी सिनेमाकडून अर्थसंकल्पाची अपेक्षा कशाला? मला तो बचाव पटत नाही. प्रवेशाच्या रांगा, सल्लागार बाईचा थाट, श्रीमंत वस्तीतल्या पार्टीतलं अवघडलेपण, हे सगळं या सिनेमाने इतक्या बारकाईने टिपलं आहे की एक वाक्य, एखादं पत्र, मुख्याध्यापिकेच्या टेबलावरची एखादी थकीत बिलांची फाइल त्याला जड गेली नसती. ज्याला पैशाची एवढी नजर आहे, त्याला फक्त लोकांचाच पैसा दिसला नाही. तो त्याच्या प्रेक्षकांनाही दिसत नाही, म्हणून कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तो दिसायला लागला की काय होतं ते मोहनच्या बाबतीत बघता येईल. सिनेमात मोहनचा नंबर लागत नाही आणि मोहन गोष्टीतून जवळजवळ बाहेर जातो, राजची टोचणी म्हणून तेवढा उरतो. महाराष्ट्राचाच विचार केला तर दर वर्षी या लॉटरीत लाखाच्या आसपास जागा असतात आणि अर्ज त्यांच्या कितीतरी पट. म्हणजे पियापेक्षा मोहनच जास्त. कायद्याच्या हिशेबाने पियामागे जी रक्कम शाळेला द्यायची, ती मुळात सरकारी शाळेतल्या एका मुलावरच्या खर्चावरून काढलेली असते. म्हणजे मोहनच्या नावावरही तेवढीच रक्कम आहे. चिठ्ठी निघाली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. पियाची रक्कम कुठे गेली हे शाळा विचारते, संघटना काढून विचारते, कोर्टात जाऊन विचारते. मोहनची रक्कम त्याच्या शाळेत कोणत्या शिक्षकाच्या रूपाने, कोणत्या पुस्तकाच्या रूपाने पोचली, हे विचारायला श्यामप्रकाशशिवाय कुणी नाही. आणि त्याला गाडीसमोर उडी घेण्यापलीकडे काही करता येतं, हे त्याला आजवर कुठल्याच गोष्टीने सांगितलेलं नाही.

शाळेवरची पुढची गोष्ट कुणी लिहील तेव्हा ती शाळेच्या फाटकापासून सुरू न होता लेखाधिकाऱ्याच्या टेबलापासून सुरू झाली, तर मला वाचायला आवडेल. तिथे रडू कमी येईल कदाचित. पण श्याम त्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसेल आणि म्हणेल, 'साहेब, माझ्या पोराचे किती आले, ते जरा दाखवा.'